पिकअप ट्रकचा स्टिअरिंग डॅम्पर घरी बदलता येतो का?

होय, स्टिअरिंगचे धक्के आणि थरथर शोषणारा हा शॉक अ‍ॅब्झॉर्बरसारखा भाग घरी बदलता येतो, मात्र फोर-व्हील ड्राइव्ह फोर्ड एफ-२५०सारख्या, पुढे अखंड अ‍ॅक्सल असलेल्या पिकअपचे स्टिअरिंग खड्ड्यावरून जाताच जोरात थरथरत असेल, तर आधी ट्रॅक बारचे (अ‍ॅक्सलला आडवे सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश, बॉल जॉइंट (चाकांना वळू देणारे गोल सांधे) आणि टायरचे बॅलन्सिंग तपासावे, कारण नवा डॅम्पर हा दोष बहुधा झाकतो, दूर करत नाही. डॅम्परमधून तेल गळत असेल, तर तो बदलणे योग्यच. जुन्या डॅम्परच्या टोकाचा निमुळता खिळा घट्ट बसला असल्यास हातोडीने ठोकत बसण्यापेक्षा पुलर (भाग ओढून काढण्याचे अवजार) वापरावा. गॅसचा नवा डॅम्पर त्याला दाबून ठेवणारी पट्टी कापताच आपोआप लांबतो, याचे भान ठेवावे. नट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच (पिळाच्या जोरानेच) आवळावेत आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून डॅम्पर कोठे अडत किंवा घासत नाही, याची खात्री करावी.