चार लोकांत कशाला, ताई?

मुलाच्या अडचणीवर घरच्या-नात्यातल्या, शेजारच्या माणसांनी एकत्र बसून मार्ग काढायचा, ती कुटुंब बैठक. तिचं नाव काढलं की हा प्रश्न येतोच. "आमच्या घरचं चार लोकांत कशाला, ताई? पंच बसवताय का?" मुंबईतल्या एका वस्तीतल्या आईनेही हेच विचारलं होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). ती धुणीभांडी करायची, नवरा नाक्यावरचा बिगारी, रात्री प्यायलेला. आठवीतला मुलगा दोन महिने शाळेत गेला नव्हता. तिचं मागणं एकच, "याला कुठल्यातरी संस्थेत टाका."

२०१५ चा बाल न्याय कायदा संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानतो, पण कायदा ऐकून दमलेल्या आईचं समाधान होत नाही. मी म्हटलं, "तुमची भांडणं पत्र्यापलीकडे रोज ऐकू जातातच. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला बोलवायचं, ते तरी तुम्ही ठरवा." तिने भाऊ, नणंद आणि शेजारच्या काकू अशी तीन नावं घेतली. बापाला बोलवा असं मुलगा म्हणाला. त्याआधी आईला एकटीला गाठून मारहाणीचं विचारून घेतलं. मारहाण असेल तर मी अशी बैठक घेतच नाही. बाई चारचौघांत खरं बोलते आणि रात्री त्याचा मार खाते.

न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्याने कुटुंब बैठकीची ही पद्धत आणली, तिथल्या मूळ रहिवासी माओरींच्या आग्रहामुळे. मुलाचा निर्णय एकट्या आईबापाचा नाही आणि सरकारी अधिकाऱ्याचाही नाही, तो गोतावळ्याचा, असं त्यांचं म्हणणं. त्यातला एक नियम मला अजून जड जातो: माहिती देऊन झाली की आपण खोलीबाहेर जायचं. माझ्या डोक्यात तर वाईट संगत, व्यसनमुक्ती केंद्र असा सगळा आराखडा तयार होता. तो तसाच पिशवीत ठेवून मी ओट्यावर जाऊन बसले. पाऊण तास.

आत वेगळंच निघालं. आई सहाला कामावर जाते, नळाला पाणी साडेसहाला. हंडे-कॅन मुलगा भरायचा, शाळेला उशीर व्हायचा, फाटकावरून परत पाठवायचे. तीनदा असं झाल्यावर त्याने जाणंच सोडलं. हे काकूंना माहीत होतं! त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

ठरलं ते असं: मामाने शाळेत जाऊन बोलायचं, आत्याने महिनाभर संध्याकाळी अभ्यासाला बसवायचं. बाप म्हणाला, "पाणी मी भरतो." माझा विश्वास बसला नाही, तरी लिहून घेतलं. बाप उठला नाही तर काकू भरणार, हेही त्यांनीच जोडलं.

पहिल्या आठवड्यात बाप चार दिवस उठला. त्याची दारू सुटलेली नाही, ते काम वेगळं चालू आहे. पोरगा शाळेत जातो, गणितात रडतो.

दीड महिन्याने दुसरी बैठक झाली. मी आत बसायला लागले, तर आईच म्हणाली, "ताई, तुमचा चहा बाहेर ओट्यावर ठेवलाय."