सकाळचा धूर

प्रश्न: माझ्या पेट्रोल गाडीचं रनिंग २,३८,००० किलोमीटर झालंय. सकाळी चालू केली की निळसर धुराचा एक भपका येतो, मग दिवसभर काही नाही. हजार किलोमीटरला दोनशे मिली ऑइल वरून घालावं लागतं. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन उतरवून रिंगा-पिस्टन बदला. मेहुणा म्हणतो, विकून टाका. इंजिन खरंच संपलंय का?

उत्तर: दोघांनाही जरा थांबवा. धूर कधी येतो हे तुम्ही नेमकं लिहिलंत, तिथेच निम्मं निदान झालं. रात्रभर गाडी उभी असताना हेडमधलं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातलं ऑइल, कडक झालेल्या व्हॉल्व्ह सीलमधून (व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या रबरी टोपीतून) थेंबथेंब खाली उतरतं आणि सकाळी चालू करताना जळतं. पिस्टनभोवतीच्या, ऑइल अडवणाऱ्या रिंगा गेल्या असत्या तर चढावर जोर लावतानाही मागे धूर दिसला असता.

हे मी चूक करून शिकलोय. उमेदवारीच्या काळात असाच धूर बघून एका गाडीचे चारही पिस्टन बाहेर काढले. आत बॅटरीचा उजेड टाकला, तर सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्यातल्या होनिंगच्या (भिंत घासून तयार करण्याच्या) तिरप्या रेघा जशाच्या तशा, म्हणजे झीज जवळपास नाहीच! वरचं रबरी सील मात्र नखाने दाबलं आणि त्याचा तुकडाच हातात आला. दोन दिवसांचं काम फुकट, आणि मालकासमोर उभं राहायचं ते वेगळंच.

म्हणून आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घ्या. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चारही आकडे कागदावर लिहायला लावा. एखादा फार कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडखालचा सांधा बंद ठेवणारं गॅस्केट बघा. चारही सारखे आणि कंपनीच्या मर्यादेत असतील तर सील बदला. बऱ्याच गाड्यांत हेड न उतरवता ती बदलता येतात.

आता आयुष्याचं. अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली घेतलेली व्होल्वो २०१३ मध्ये ३० लाख मैलांवर, म्हणजे ४८ लाख किलोमीटरांवर पोहोचली. इंजिन मधे बांधून घ्यावं लागलंच, पण गाडी रोज लांब पळायची. इंजिन जास्त झिजतं ते थंड असताना. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते धड तापतच नाही. पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच साचत राहतं. अशा फेऱ्यांतले ८०,००० मला तुमच्या २,३८,००० पेक्षा जास्त धास्तीचे वाटतात. तुमचं रनिंग कसलं, ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही.

टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा) असेल तर तो कधी बदलला ते बघा. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, मग रिंगा कितीही चांगल्या असोत.

आणि धूर दाबायला जाड ऑइल घालू नका. थंडीत ते वर पोहोचायला वेळ लावतं. दोनशे मिली हा काही घाबरण्याचा आकडा नाही. दर रविवारी डिपस्टिक पुसून ऑइलची पातळी बघत जा.