टोमॅटोची पानं पिवळी पडून डाग येतायत, रोग आहे की खत कमी पडलंय?

औषध कोणतं मारू असंही तुम्ही विचारलंय. ते जरा थांबवा. पिवळेपणा झाडाच्या कुठल्या भागातून सुरू झाला, ते आधी बघा.

खालची जुनी पानं अख्खी फिकट होत वर सरकत असेल तर बहुधा नत्र कमी पडतंय. झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला पुरवतं. लोहाचं उलट आहे, ते एकदा पानात बसलं की फारसं हलत नाही. म्हणून शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. या दोन्हींत बुरशीनाशकाचा काडीचा उपयोग नाही.

तुमच्याकडे डागही आहेत, तेव्हा एक पान तोडून उजेडात धरा. तपकिरी डागात एकात एक वर्तुळं दिसली, भोवती पिवळी कड असली आणि सुरुवात खालच्या पानांपासून झाली असली, तर तो करपा. ही बुरशी ओल्या पानावर फोफावते. रोगट पानं काढून टाका, पाणी वरून न मारता बुंध्याशी द्या.

पान उलटून बघायला मात्र विसरू नका, निम्मे घोटाळे तिथेच सुटतात. बारीक पांढुरके ठिपके असतील तर पान पांढऱ्या कागदावर झटका. पडलेले कण चालू लागले तर ते कोळी, म्हणजे कीड, रोग नव्हेच. पानं आखडून वर वळली असतील आणि झाड हलवल्यावर पांढरी माशी उडाली तर विषाणूची शंका घ्या. त्यावर औषध नाही. झाड उपटायला जीव होत नाही, पण बाकीची वाचवायची तर उपटावंच लागतं.

हिरवं झाड अचानक मान टाकतं तेव्हा मी एकदा पाणी वाढवत गेलो आणि झाड गमावलं. माती आधीच ओली होती. आता अशा वेळी बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात, कापलेलं टोक बुडेल असा धरतो. काही मिनिटांत त्यातून दुधाळ धागा खाली उतरू लागला तर जिवाणूंमुळे आलेली मर. धागा नाही, पण मुळं तपकिरी आणि लिबलिबीत, तर मूळकूज.

फोटो टाकलात तर पानाच्या दोन्ही बाजूंचा आणि एक अख्ख्या झाडाचा टाका.