राजवाडा आणि घड्याळाचा मनोरा: एक दिवस पुरेल का?

प्रश्न: आईचे गुडघे दुखतात, मुलगा नऊ वर्षांचा. एका दिवसात कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि भवानी मंडप दोन्ही होतील? (एक वाचक, सांगली)

उत्तर: होतील, ताई. पण सकाळी आधी कसबा बावडा रस्त्यावरचा नवा राजवाडा करा. आईंना पायऱ्या फार नाहीत, संग्रहालय तळमजल्यावरच आहे. आत जायची घाई मात्र करू नका. बाहेर सावलीत थांबून मान वर करा: घडीव काळा दगड आणि मधोमध घड्याळाचा मनोरा. मेजर चार्ल्स मँटच्या आराखड्यावर हे काम 1884 मध्ये पुरं झालं. लहानपणी आजोबा मला कोपऱ्यातल्या दगडावर तळवा टेकवायला लावायचे. भर उन्हाळ्यातही तो गार लागायचा.

आत शस्त्रं, शिकारीतली जनावरं बघून मुलगा रमेलच. तुम्ही दरबार हॉलसाठी वेळ राखून ठेवा. तिथल्या कमानींतल्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. मुलाला एकेक प्रसंग ओळखायला सांगा, आईंनाच गोष्ट सांगू द्या. माझ्या मते सगळ्या राजवाड्यात बघण्यासारखं हेच.

जेवून, आईंना तासभर आडवं होऊ द्या. उन्हं कलली की भवानी मंडप, म्हणजे जुना राजवाडा. तिथं भवानीचं दर्शन घ्या. अंबाबाईचं देऊळ अगदी लागून आहे, पण रांग मोठी दिसली तर आईंना ताटकळत ठेवू नका, ते दुसऱ्या दिवशी पहाटे करा.