सरकारी कायदे आणि राजकारण यांनी खेळाचं भलं होतं की वाटोळं?

तुमचा प्रश्न असा आहे की कायदा आणि राजकारण खेळात शिरलं की भलं होतं की वाटोळं, आणि पुस्तकी उत्तर नको, उदाहरण द्या. क्रिकेट, ऑलिंपिक यांची उदाहरणं इतर लोक देतीलच. मी सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातला, त्यामुळं मी बैलगाडी शर्यतीवर बोलतो. गावच्या यात्रा कमिटीत असल्यानं परवानगीच्या फायली हाताखालून गेल्यात, आणि शर्यतीचा नाद तर आमच्या भागात कुणाला नाही!

आधी हे सगळं सुरू कुठनं झालं ते सांगतो. 11 जुलै 2011 ला केंद्राच्या पर्यावरण खात्यानं एक अधिसूचना काढली. ज्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत अशांची ती यादी, मुळात सर्कशीच्या अंगानं केलेली. त्यात अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या पंक्तीला बैल बसला. पुढं 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूच्या, म्हणजे मोकळ्या सोडलेल्या बैलाला कवटाळायच्या खेळाच्या, प्रकरणात निकाल दिला आणि त्याच निकालात महाराष्ट्रातल्या शर्यतीही गेल्या. म्हणजे खटला मदुराईकडचा आणि छकडी, म्हणजे शर्यतीच्या हलक्या गाड्या, आमच्या उभ्या राहिल्या. अर्थात कोर्टासमोर शेपूट पिरगाळण्याचे, चावण्याचे, टोचण्याचे जे पुरावे आले ते काही खोटे नव्हते. शर्यत बघितलेल्या माणसानं उगाच भोळेपणाचा आव आणू नये.

पण बाहेरच्यांना सहसा दिसत नाही ती गोष्ट पुढच्या वर्षी घडली. मार्च 2015 मध्ये राज्यात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. आता हे दोन्ही कायदे एका गोठ्यात ठेवून बघा. खिल्लार ही आमच्याकडची देशी जात. तिच्या गाईला खोंड झाला. नांगरटीला ट्रॅक्टर आहे. शर्यतीत पळवता येत नाही. म्हातारा झाल्यावर विकावा तर घेणारा नाही. मग त्याला दहा-पंधरा वर्षं वैरण घालायची कशाच्या जिवावर? माणदेशात वैरण म्हणजे काय, हे दुष्काळात छावणीवर जनावरं नेलेल्यालाच विचारा. आटपाडी, माण, जत, सांगोला हा खिल्लारचा मूळ पट्टा आणि खरसुंडीचा बाजार त्याचं नाक. त्या बाजारात खोंडांचे भाव कसे पडले ते ज्यांनी दावणीला उभं राहून सोसलं त्यांना अजून आठवतं. लोक सरळ जर्सी, एचएफ या परदेशी दुधाळ गाईंकडं वळले. एक कायदा प्राण्याला क्रूरतेपासून वाचवायला, दुसरा कत्तलीपासून वाचवायला; आणि दोघांनी मिळून तो प्राणी पाळणाऱ्यालाच नकोसा करून टाकला. दोन्ही खात्यांत कुणी एकमेकांना फोनसुद्धा केला नसेल, असा माझा अंदाज.

बरं, बंदीनं शर्यती थांबल्या का? तर नाही. लांबच्या माळावर, पहाटे, फोनाफोनीवर अड्डे भरायचे. तिथं ना डॉक्टर, ना मोजलेली धाव, ना काठीला, शॉक द्यायच्या बॅटरीला आडवं येणारं कुणी. उलट पोलीस यायच्या आत उरकायची घाई. बैलाच्या दृष्टीनं बघाल तर हा काळ सगळ्यात वाईट, आणि नेमका हाच काळ कागदावर बैलाच्या संरक्षणाचा होता.

आता राजकारण. 7 जानेवारी 2016 ला केंद्रानं अटी घालून शर्यतींना सूट दिली. तमिळनाडूची निवडणूक तोंडावर होती, बाकी समजून घ्या. आठवड्याच्या आत कोर्टानं तिला स्थगिती दिली. 2017 ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी पोरं आंदोलनाला बसली, तमिळनाडूनं स्वतःचा कायदा केला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानंही केला. तो उच्च न्यायालयात अडकला, मग सर्वोच्च न्यायालयात पडून राहिला. ऑगस्ट 2021 मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे गावात आमदार गोपीचंद पडळकरांनी बंदी झुगारून शर्यत घ्यायची हाक दिली. पोलिसांनी रस्ते अडवले, जमावबंदी लागली आणि तरीही भल्या पहाटे छकडी पळालीच. त्या वेळी त्यांचा पक्ष, भाजप, विरोधात होता, आणि 2017 चा कायदा केलेला त्याच पक्षाच्या सरकारनं. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली तेव्हा सरकार महाविकास आघाडीचं. निकालाच्या दिवशी गुलाल दोन्हीकडं उधळला, श्रेयाचे फलक दोन्हीकडं लागले. 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले आणि विषय मिटला.

म्हणून राजकारणामुळं खेळाचं वाटोळंच होतं असं मी म्हणणार नाही. राजकारण नसतं तर शर्यत परत आलीच नसती. आमच्या भागात शर्यतीच्या विरोधात बोलणारा एकही पक्ष नाही, कारण ज्या मैदानाला पन्नास गावचे लोक जमतात तिथं वाकडं बोलून कुणाला मतं घालवायचीत?

खरी मेख नियमांत आहे. नियम वाचायला चांगले आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम, धाव 1000 मीटरच्या आत, बैलांना पशुवैद्यकाचा दाखला, काठी-चाबूक-शॉक बंद, उत्तेजक पाजायचं नाही, सगळ्याचं चित्रीकरण. मोडलं तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद. आता मैदानावर या. सकाळी कडेला टेबल टाकून डॉक्टर बसलेले असतात. कानातला बिल्ला बघायचा, खूर उचलायचा, डोळा बघायचा, धाप बघायची, मग सही. पहिली काही बैलं अशी नीट तपासली जातात. मागं टेम्पोंची रांग लागते, माइकवरून पहिल्या गटाची छकडी जुंपायला सांगतात, मालक मंडळी डॉक्टरांभोवती गराडा घालतात, आणि मग खूर उचलणं बंद होतं, नुसत्या सह्या राहतात. डॉक्टर एकटा, बैलं शंभरावर. त्या माणसाला तरी काय दोष देणार? निकालाच्या रेषेवर मात्र कॅमेरा एकदम चोख. कोणती जोडी नाकभर पुढं होती हे तीन-तीनदा बघतात. सुट्टी होते, म्हणजे छकडी सुटतात तिथं, जिथं शेपटीला हात जातो, तिथलं चित्रीकरण मागायला मी अजून कुणाला आलेलं बघितलं नाही.

नियम पाळले जातच नाहीत असंही नाही हं. सप्टेंबर 2022 मध्ये लम्पी हा जनावरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग आला आणि सरकारनं जनावरांचे बाजार आणि शर्यती थांबवल्या. ना मोर्चा, ना घोषणा. एरवी परवानगीसाठी प्रांत ऑफिसला धडका देणारी आमचीच माणसं गप घरी बसली. गाठी आलेलं जनावर प्रत्येकाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या गोठ्यात होतं. कारण डोळ्यांना दिसत असलं की हुकूम पटतो.

पैशाचं मात्र अवघड झालंय. शर्यत कायदेशीर झाली आणि बक्षिसं सायकल-ढालीवरून दुचाकी, ट्रॅक्टर, थारपर्यंत गेली. निवडणूक जवळ आली की कुणा ना कुणाच्या वाढदिवसाचं मैदान असतंच. पळणाऱ्या बैलाची किंमत लाखांत बोलली जाते. एक बैल असलेला शेतकरी कुणाशी तरी पैरा जमवून, म्हणजे दुसऱ्याच्या बैलाशी जोडी लावून, कसाबसा पहिली फेरी, म्हणजे गट, पास होतो. फायनलला बहुतेक मोठ्या मालकांचीच नावं. पण त्याच्याच गाईचा आदत, म्हणजे पक्के दात न आलेला, खोंड आता चांगल्या पैशाला जातो हेही खरं. त्याला विचाराल तर तो बंदीचे दिवस परत मागणार नाही.

कुस्तीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं उलटं झालं. बैलगाडीत राजकारणी एक झाले, कुस्तीत दुभंगले. राज्यात दोन संघटना, दोघींच्या मागं वेगवेगळे पुढारी. नोव्हेंबर 2023 मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले, फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे. लोक त्यावर विनोद करतात. पण सांगलीच्या तालमीत पहाटे चारला उठून जोर मारणाऱ्या पोराला त्यात हसण्यासारखं काही नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे आणि ते मिळतं प्रमाणपत्रावर. कोणत्या संघटनेच्या शिक्क्याला मान्यता, हा प्रश्न त्याच्या पोटापाण्याचा आहे. वर दिल्लीतही तेच. भारतीय कुस्ती महासंघाच्या निवडणुका वेळेत झाल्या नाहीत म्हणून ऑगस्ट 2023 मध्ये जागतिक कुस्ती संघटनेनं भारताला निलंबित केलं, आणि बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपले मल्ल तिरंग्याशिवाय उतरले. 2025 मध्ये केंद्रानं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात महासंघांच्या मान्यतेसाठी मंडळ आहे, भांडणं सोडवायला न्यायाधिकरण आहे. तालमीतल्या पोराचा शिक्क्याचा प्रश्न त्यातून सुटला तरच मी त्याला चांगला म्हणेन.

तर सरकारनं खेळातून बाहेर पडावं असं माझं म्हणणं नाही. बैलगाडीपुरतं सांगायचं तर डॉक्टर वाढवा, तपासणी आदल्या दिवशी घ्या आणि सुट्टीच्या जागेचं चित्रीकरण जिल्ह्याच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येईल असं टाका. हे मी कमिटीच्या बैठकीत बोलून बघितलं. निम्म्यांनी विषय बदलला, बाकीच्यांनी पुढच्या वर्षी बघू म्हणून सांगितलं.