कोड येत नाही, पण वेबसाइट सांभाळते. याचं पुढे काय?

प्रश्न: मी बार्शीला बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय मराठी. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाची वर्डप्रेसवर (वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर) साइट आहे आणि तिची उजवीकडची पट्टी, म्हणजे साइडबार, मीच बघते. नवी पुस्तकं, वेळा, सूचना, फोटो, लिंक सगळं टाकते. कोड मात्र एक ओळही येत नाही. इंजिनिअरिंगचा मावसभाऊ म्हणतो, हे नुसतं टायपिंग आहे. बाबा मला फुल-स्टॅकच्या, म्हणजे वेबसाइटचं पुढचं-मागचं सगळं प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या, क्लासला घालायला निघालेत, फीसाठी पतसंस्थेतून कर्ज काढायचं म्हणतात. काय करू?

उत्तर: बाबांना सांग, कर्जाचा अर्ज तूर्त बाजूला ठेवा. मावसभावाशी मात्र भांडू नकोस, त्याचं अर्धं म्हणणं बरोबर आहे.

वर्डप्रेसच्या साइडबारमधल्या टेक्स्ट विजेटमध्ये (विजेट म्हणजे साइडबारमध्ये बसवायचा तयार कप्पा) पूर्वी साधी चौकट असायची. एखादा शब्द ठळक करायचा तर एचटीएमएलचा, म्हणजे वेबपान लिहायच्या खुणांच्या भाषेचा, टॅग हातानं लिहावा लागे, नाहीतर वेगळं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, घालावं लागे. जून 2017मध्ये वर्डप्रेसची 4.8 आवृत्ती आली आणि त्या चौकटीवर ठळक, तिरकं, यादी, लिंक अशी बटणं बसली. फोटोसाठी वेगळं विजेट आलं. जुलै 2021च्या 5.8पासून तर साइडबारही ब्लॉक, म्हणजे मजकूर, फोटो, यादी असे तयार तुकडे, लावून भरता येतो. म्हणजे कोड न लिहिता सजवलेला मजकूर टाकायची सोय आज कुणालाही फुकट आहे. बटण कुठे आहे हे माहीत असण्यावर नोकरी मिळणार नाही.

मग पैसे कशाचे मिळतात? त्या बटणांनी लोक जो घोळ घालतात तो न घालण्याचे, आणि घातलेला निस्तरण्याचे.

कुठल्याही संस्थेच्या साइटवर जा. वर्डमधून उचललेली सूचना तशीच चिकटवलेली असते, त्यामुळे एका परिच्छेदाचा फॉन्ट वेगळा, दुसऱ्याचा रंग वेगळा. (कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून नुसता मजकूर चिकटवला की हे टळतं.) जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, न बदलता टाकला तर पडद्यावर गिचमीड उमटते. त्यावर उपाय म्हणून ऑफिसातले लोक कागद स्कॅन करून फोटोच लावतात. मग तो मजकूर शोधला तरी सापडत नाही आणि अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) तो वाचत नाही. शीर्षक म्हणून हेडिंग न वापरता नुसतं ठळक केलं, फोटोला पर्यायी मजकूर, म्हणजे त्यात काय आहे ते सांगणारी ओळ, दिला नाही, पाच लिंकना एकच ‘येथे क्लिक करा’ हे नाव दिलं, तरी त्या विद्यार्थ्याची अडचण होते. एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर उतरवून घे आणि डोळे मिटून तुझाच साइडबार ऐक. कुठे काय खटकतं ते आपोआप कळेल.

मोबाइलवरही बघ. बहुतेक थीममध्ये (थीम म्हणजे साइटचा तयार साचा) अरुंद पडद्यावर साइडबार मुख्य मजकुराच्या खाली जातो. ‘उद्या ग्रंथालय बंद’ ही सूचना तू उजवीकडे वर लावलीस, पण विद्यार्थ्याला ती पार तळाला दिसते. ती साइडबारमध्ये असावी की पानाच्या माथ्यावर, हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगत नाही, माणसाला ठरवावं लागतं. गेल्या वर्षीच्या परीक्षा फॉर्मची सूचना कधी काढायची, हेही. हे संपादकाचं काम आहे, आणि मराठीच्या विद्यार्थिनीला ते परकं वाटायचं कारण नाही.

आता पत्रात तू न विचारलेली एक गोष्ट. वर्डप्रेसमध्ये विजेट बदलायला मुळात ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो. एडिटर या खालच्या दर्जाच्या खात्याला लेख आणि पानं बदलता येतात, विजेट नाही. याचा अर्थ बहुधा तू कुणाचा तरी मुख्य पासवर्ड वापरते आहेस. तसं असेल तर ग्रंथपालांना सांगून स्वतःच्या नावानं खातं काढून घे, आणि काही बदलण्याआधी बॅकअप घ्यायची सवय लाव. पुढे काही बिघडलं तर कुणी काय केलं यावरून वाद नको, आणि कॉलेज सोडताना तुझं खातं बंद करणंही सोपं जाईल.

एचटीएमएल मात्र शीक, तेवढ्यापुरतंच. परिच्छेद, हेडिंग, लिंक, यादी, फोटो, टेबल. काही आठवड्यांचं काम आहे, क्लासची गरज नाही. 4.8मध्ये बटणं आली तेव्हा लोकांनी चिकटवलेला कोड त्या नव्या संपादकात मोडायला लागला, म्हणून ऑगस्टमध्ये 4.8.1मध्ये ‘कस्टम एचटीएमएल’ हे वेगळं विजेट द्यावं लागलं. अशा वेळी बटणं उपयोगाची नसतात, आतलं वाचता यावं लागतं. त्याच्या पुढे जावंसं वाटलं तर सीएसएस, म्हणजे पानाचे रंग, आकार, मांडणी ठरवणारी भाषा. जावास्क्रिप्ट आणि डेटाबेसकडे वळायचं की नाही ते तेव्हा ठरव. ते करताना मजा आली तर क्लास जरूर लाव, निव्वळ मावसभावाला उत्तर द्यायला नको.

सराव कॉलेजच्या चालू साइटवर करू नकोस. वर्डप्रेस प्लेग्राउंड, म्हणजे सरावापुरतं वर्डप्रेस, ब्राउझरमध्येच उघडतं, काही मोडलं तरी पान नव्यानं उघडायचं. तिथे जुन्या पद्धतीची क्लासिक थीम आणि ब्लॉकवर चालणारी ब्लॉक थीम दोन्ही लावून बघ; ब्लॉक थीममध्ये विजेटचा पडदाच नसतो, साइडबार साइट एडिटरमधून बदलावा लागतो. मुलाखतीत हा फरक सांगता आला तर समोरच्याला तुझं काम कळतं. शिवाय वर्डप्रेसचा मराठी अनुवाद स्वयंसेवक करतात. त्यात उतर, तुझ्या प्रोफाइलवर त्याची नोंद राहते.

कामं कुठे? बातम्यांच्या पोर्टलवर, शाळा-कॉलेजांत, प्रकाशकांकडे, सहकारी बँकांत, आणि छोट्या वेब एजन्सींकडे, ज्या साइट बनवून देतात पण नंतरचा मजकूर बघायला त्यांच्याकडे माणूस नसतो. जाहिरातीत ‘कंटेंट एक्झिक्युटिव्ह’, ‘वेब कंटेंट एडिटर’ अशी नावं शोध. बार्शीत राहून करायचं असेल तर दोन-तीन संस्थांची वार्षिक देखभाल घेता येईल, पण साइडबारपुरती नाही. अपडेट, बॅकअप, मजकूर असं सगळं मिळून.

बायोडेटात ‘वर्डप्रेसचं ज्ञान’ लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. ग्रंथालयाच्या पट्टीचा आधीचा आणि आताचा स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेव, खाली काय बदललंस आणि का, ते चार ओळींत लिही, आणि ग्रंथपालांकडून कामाचं पत्र घे. तेच पत्र आणि स्क्रीनशॉट बाबांनाही दाखव. आणि क्लासवाल्यांना फोन करून एवढंच विचारायला सांग की बी.ए. करून आलेली मुलं सध्या कुठे कामाला आहेत. त्यांतल्या दोघांशी बोलणं होईपर्यंत पैसे भरू नका म्हणावं.