आधी नकाशा उघड

बर्फावरची हॉकी समजून घ्यायचीय ना? मग गुणतक्ता नंतर बघ, आधी नकाशा उघड. एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातली सगळ्यात वरची लीग. तिचे ३२ संघ, त्यातले कॅनडात फक्त ७. आता प्रत्येकाच्या हाताखालचा एएचएल संघ शोध; एएचएल म्हणजे एक पायरी खालची लीग, जिथे पोरं वरच्यासाठी तयार होतात. खरी मजा तिथेच आहे. टोरंटोचे मेपल लीफ्स (एनएचएल) आणि त्यांचे मार्लीज (एएचएल) एकाच शहरात. वरून बोलावणं आलं की पोरगा बॅग उचलून लगेच हजर! लॉस एंजेलिसच्या संघाची एएचएलमधली पोरं मात्र कित्येक वर्षं देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, न्यू हॅम्पशायरच्या मँचेस्टरला खेळायची. २०१५ मध्ये एकदम पाच एएचएल संघ कॅलिफोर्नियात आले, तेव्हा कुठे हे अंतर मिटलं. आणि जमलं तर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला जाच. चॉकलेटचं छोटंसं गाव, पण तिथला बेअर्स संघ १९३८पासून एएचएलमध्येच खेळतोय.